रेडिओकाकांची गेलेली खोली

आमच्या औषध कंपनीच्या कार्यालयात जिन्याला लागून एक खोली होती. आठ फूट बाय नऊ फूट. मापे मला पाठ आहेत, कारण ती पाडण्यापूर्वी मीच मोजली होती. आत एक टेबल, एक खुर्ची, मान वळवता येणारा दिवा, एक भिंग आणि दारावर जाड हिरवा पडदा. दिवसभर त्या पडद्यामागून एका माणसाचा संथ आवाज येत असे. "मळमळ, डोकेदुखी, अंगावर पुरळ उठणे. असे आढळल्यास औषध बंद करून डॉक्टरांना भेटावे." जिना चढणारा नवखा माणूस हे ऐकून दचकायचा. आम्ही मात्र त्या आवाजावरून घड्याळ लावावे इतके सरावलो होतो.

त्या आवाजाचे मालक म्हणजे आमचे रेडिओकाका. हे नाव कोणी ठेवले ते आता कोणालाच आठवत नाही. औषधाच्या बाटलीवरचे लेबल, बाहेरचे खोके आणि आत घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक, या तिन्हींवरचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी मूळ प्रतीशी ताडून पाहायचा आणि खाली सही करायची, हे त्यांचे काम. त्यांची सही नसेल तर छापखाना यंत्र सुरू करत नसे. सव्वीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही चुकीचा कागद बाहेर गेला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. पण कोणी दुसऱ्याने म्हटले की चष्मा काढून पुसायला लागत.

मोठ्याने का वाचता, असे मी त्यांना नोकरीच्या सुरुवातीलाच विचारले होते. मी वाणिज्य शाखेचा. आकडे मनातल्या मनात तपासायची सवय. ते म्हणाले, "डोळ्यांचं काही खरं नसतं हो. पुढचा शब्द काय असणार हे त्यांना आधीच माहीत असतं, ते आपले भरून घेतात आणि पुढे पळतात. जिभेला प्रत्येक शब्दावरून चालत जावं लागतं." मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. आईची नजर तरुणपणीच गेली. दहा वर्षांचा मुलगा तिला घरात येणारा प्रत्येक कागद वाचून दाखवी. कंटाळून त्याने एखादी ओळ गाळली की आई लगेच म्हणे, "परत वाच. काहीतरी खाल्लंस तू." त्यांच्या शब्दांत, "तिला दिसत नव्हतं, पण गाळलेलं ऐकू यायचं."

घरी मात्र हा माणूस जवळजवळ मुका. काकू शिवणाचे क्लास चालवत. एकदा कार्यालयाच्या स्नेहभोजनाला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भावोजी, यांचा सगळा आवाज तुम्ही पगारावर घेतलाय. आम्हाला नुसतं हूं आणि अंहं मिळतं."

काकांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना भिंती पाडण्याचा निर्णय झाला. आमच्या मालकांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणतात, चार-सहा मोठी कार्यालये पाहून आले होते. आल्या आल्या त्यांनी मला बोलावले. "या खोल्यांमुळे आपण एकमेकांपासून तुटलोय. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं. मीसुद्धा तिथेच बसणार. आराखडा तुम्ही करा."

प्रशासन माझ्याकडे असल्याने आराखडा मी केला. बेचाळीस टेबले, दोन टेबलांत साडेचार फूट, चालायला चार फुटांची वाट. तीन आठवडे मी टेप घेऊन फिरत होतो. त्या काळात माझे 'फूटपट्टी' असे नामकरण झाल्याचे मला बरेच नंतर कळले.

भिंती गेल्याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला हे मान्य केले पाहिजे. पूर्वी एका खोलीतली चिठ्ठी दुसऱ्या खोलीत पोहोचायला तीन दिवस लागत. शिपाई दोन वेळा फिरणार, ट्रेमध्ये ठेवणार, ट्रेमधला माणूस चहाला गेलेला असणार. आता खुर्ची वळवली की काम झाले. पत्रव्यवहार पाहणाऱ्या बाईंनी पंधरा वर्षांत प्रथमच आपल्या टेबलावर ऊन पाहिले आणि त्या दिवशी त्यांनी कोणाशीही भांडण काढले नाही. उशिरा येणारे वेळेवर येऊ लागले, कारण बेचाळीस जणांच्या डोळ्यांसमोरून मिरवत जायचे म्हणजे अवघडच.

पण दुसरी बाजूही लवकरच कळली. एकाला सोमवारी सर्दी झाली आणि शुक्रवारी माझ्याकडे रजेचे अकरा अर्ज आले. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची सासू राहायला आली आहे, हे ज्याला त्याला पाठ झाले. विक्री विभागातले एक गृहस्थ फोनवर असे बोलत, की पलीकडच्या गावातल्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावे. आणि मी? जेवणानंतर दार लोटून दहा मिनिटे डोळे मिटायची माझी वीस वर्षांची सवय एका दिवसात सुटली. आता डोळे मिटले तर समोरचा विचारायचा, "बरं वाटत नाही का?"

सगळ्यांत वाईट गत रेडिओकाकांची झाली. मी त्यांना पूर्वेच्या कोपऱ्यात खिडकीजवळ बसवले होते. उजेड भरपूर. शेजारी खरेदी विभाग. तिथे बाटल्या, टोपणे, चमचे यांची खरेदी पाहणारी तिशीची मुलगी बसे. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. तिला सगळे बाटलीताई म्हणत आणि तीही 'ओ' देई. पहिल्या दिवशी काकांनी दिवा लावला, चष्मा चढवला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. तासाभरात माझ्याकडे पाच तक्रारी आल्या. पाचवी बाटलीताईची.

"साहेब, मी फोनवर बाटल्यांची बोलणी करतेय आणि पलीकडचा माणूस मला विचारतो, ताई, जुलाब नेमके कोणाला लागलेत?"

आसपासचे हसले. काकाही हसले, पण कागद खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

चार दिवसांनी धाकट्या साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितले. आवाज चढवला नाही, शब्दही गोड होते. "काका, हॉलमध्ये मोठ्याने वाचता येणार नाही. मनात वाचा. जमत नसेल तर गावाबाहेरच्या गोदामात जुन्या कागदांचा विभाग आहे, तिथे तुम्हाला स्वतंत्र खोली देतो. इथली तपासणी दुसरं कोणी बघेल."

काका म्हणाले, "मनात वाचून बघतो."

जागेवर परतताना मला म्हणाले, "गोदामात जाऊन कोणाला वाचून दाखवू? उंदरांना?"

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. बोट ठेवून वाचले, पट्टी ठेवून वाचले, ओठ हलवत वाचले. ओठ हलले की आपोआप आवाज फुटे आणि मग ते चोरासारखे इकडेतिकडे बघत. काही दिवस कागद घेऊन जिन्यात उभे राहिले, पण जिन्यात बेचाळीस जणांची ये-जा. एकदा प्रसाधनगृहाच्या आतून, "रिकाम्या पोटी घेऊ नये," असा आवाज आला आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांची हसून पुरेवाट झाली. मी हसलो नाही. त्या रांगेत मीही होतो आणि आराखडाही माझाच होता.

एकदा बाजारात काकू भेटल्या. "भावोजी, काय झालंय यांना? घरी आल्यापासून बोलायचे थांबत नाहीत. वर्तमानपत्र मोठ्याने, विजेचं बिल मोठ्याने, काल तर साबणाचं वेष्टण वाचून दाखवलं मला. इतकी वर्षं मीच म्हणत होते बोला, बोला. आता वाटतं, होते तेच बरे होते."

सहा महिने असे गेले. मग ते घडले. एका मलमाच्या खोक्यावर 'लहान मुलांपासून दूर ठेवावे' ही ओळ दोनदा छापली गेली आणि तिच्या जागी असायची ती 'डोळ्यांच्या आसपास लावू नये' ही ओळ गायब झाली. ओळींची संख्या बरोबर होती. डोळ्यांनी ती मोजली आणि पुढे पळाले. पॅकिंगमधल्या एका मावशींच्या लक्षात आले म्हणून माल बाहेर गेला नाही. बारा हजार खोकी मात्र रद्दीत गेली. प्रत्येकावर काकांच्या मंजुरीचा क्रमांक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात लिफाफा. भिंत असती तर मी दार लावून घेतले असते. इथे चाळीस माना आमच्याकडे वळलेल्या. त्यांना घेऊन मी जिन्यात गेलो.

"राजीनामा आहे," ते म्हणाले. "आईला ऐकू आलं असतं, साहेब. मला आलं नाही, कारण मी वाचलंच नाही. नुसतं पाहिलं."

"एक वर्ष राहिलंय तुमचं. बरोबर एक वर्ष."

"हो ना. म्हणूनच. सव्वीस वर्षांचं सगळं चांगलं आहे, ते या एका वर्षात घालवून जाऊ?"

मी लिफाफा घेतला, टेबलावर येऊन उघडून एकदा नजर फिरवली आणि खणात ठेवला. वर पाठवला नाही. धाकट्या साहेबांनी मात्र वाट पाहिली नाही. एक तारखेपासून काका गोदामात, असा आदेश संध्याकाळपर्यंत आला. राजीनामा खणात आणि बदली टेबलावर. दोन्हींपैकी काहीतरी एक होणार होते आणि दोन्हींत काका जाणारच होते.

शेवटचा शुक्रवार उजाडला. काकांच्या टेबलावर एकच काम उरले होते. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचे माहितीपत्रक. जुना साठा संपला म्हणून तेच पुन्हा छापायचे होते. नवीन काहीच नव्हते. काका पुन्हा माझ्याकडे आले.

"साहेब, हे एक मला माझ्या पद्धतीने वाचू द्या. पोरांचं औषध आहे. मला मनात वाचून सही नाही करवत."

धाकटे साहेब कारखान्यात गेले होते, संध्याकाळी येणार होते. मी आयुष्यात कधी वरचा आदेश मोडलेला नाही. रजेच्या अर्जावर तारीख चुकली तर परत पाठवणारा माणूस मी. पण त्या दिवशी उठून उभा राहिलो आणि हॉलला म्हणालो, "पुढची वीस मिनिटं काका मोठ्याने वाचणार आहेत. ज्यांना त्रास होईल त्यांनी चहा घेऊन यावं. जबाबदारी माझी."

"फूटपट्टी वाकली की हो!" कोणीतरी मागून म्हणाले. हशा पिकला. पण चहाला कोणी गेले नाही. काकांचे हे शेवटचे वाचन, हे सगळ्यांना माहीत होते. बाटलीताईने फोनवरच्या माणसाला "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला.

काकांनी दिवा लावला. खिडकीतून ऊन येत असतानाही लावला. मूळ प्रत डावीकडे, नवी उजवीकडे. आवाज पहिल्या दोन ओळी घोगरा होता, मग मोकळा झाला. औषधाचे घटक, खबरदारी, साठवण. मग मात्रा आली.

"दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांना, बाटलीचे एक टोपण भरून, दिवसातून तीन वेळा."

"काका, थांबा." बाटलीताई उभी राहिली होती. "परत वाचा."

काकांनी परत वाचले.

"कुठलं टोपण?"

"बाटलीचं. मूळ प्रतीतही तेच आहे," काका म्हणाले. "पाच मिलीचं टोपण. पहिल्यापासून तेच आहे."

"अहो, ते पाचाचं टोपण बंद झालं! बनवणाऱ्याने साचाच मोडून टाकला. तीन महिन्यांपूर्वी मीच नवीन मंजूर केलंय. दहाचं आहे."

तिने खण ओढला, नमुन्याचे पांढरे टोपण काढले आणि काकांच्या टेबलावर ठेवले. दिसायला अगदी जुन्यासारखे, फक्त जरा उंच. शेजारच्या प्रयोगशाळेतला एक जण मोजपात्र घेऊन आला. काकांनी पिण्याच्या पाण्याने टोपण भरले आणि मोजपात्रात ओतले. पाणी दहाच्या रेषेवर जाऊन थांबले. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा ओतले. दहाच.

"दुप्पट," काका म्हणाले. "दोन वर्षांच्या पोराला दुप्पट औषध."

बाटलीताईचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय माहीत पत्रकात टोपणाने मोजायला सांगितलंय. मला वाटलं, बाटली बंद करायला असतं टोपण."

पण माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न उभा राहिला होता. टोपणे तीन महिन्यांपूर्वी मंजूर झालेली. मग ती बाटल्यांना लागली का? जुनी पत्रके घालून माल बाहेर गेला असेल तर? मी कारखान्याचा क्रमांक फिरवला. पॅकिंगचे प्रमुख सापडेपर्यंत किती वेळ गेला ते मी मोजले नाही. माझ्या खुर्चीभोवती माणसे जमली होती. काका एकटेच आपल्या जागी बसून टोपण हातात फिरवत होते.

"नवीन टोपणं? ती गोदामात आहेत," पलीकडून उत्तर आले. "जुनी कालच संपली. नवीन सोमवारी लावणार. पत्रकं छापून आली की लगेच. का हो?"

"एकही बाटली नाही ना गेली?"

"एकही नाही. सांगितलं ना, सोमवारी."

मी फोन खाली ठेवला आणि म्हणालो, "एकही नाही." त्यावर हॉलमध्ये जो आवाज झाला तो टाळ्यांचा नव्हता. बेचाळीस माणसांनी एकदम सोडलेला श्वास होता तो. विक्रीचे गृहस्थ प्रथमच हळू आवाजात बोलले, "माझा नातू तेच औषध घेतो." बाटलीताई काकांच्या टेबलाच्या कडेला टेकून रडत होती आणि काका तिला खिशातला रुमाल देत म्हणत होते, "अगं बाई, रडतेस कसली? तू ऐकलंस म्हणून वाचलो."

संध्याकाळी धाकटे साहेब आले तेव्हा मी सगळे क्रमवार सांगितले. आदेश मोडल्याचे आधी सांगितले, बाकीचे नंतर. त्यांनी काकांना बोलावले. मला वाटले, काका आता खोली परत मागतील. मागितली असती तर मिळालीही असती. पण काका म्हणाले ते असे:

"साहेब, खरं सांगतो. खोलीत असतो तर मी या कागदावर डोळे झाकून सही केली असती. मूळ प्रत आणि नवी प्रत, अक्षरशः सारखी होती. माझ्या तपासणीत ही चूक दिसणारच नव्हती. ती कागदावर नव्हतीच, ती तिच्या खणात होती. पडद्याआड वाचलं असतं तर तिने ऐकलं नसतं."

धाकट्या साहेबांनी ते टोपण हातात घेऊन पाहिले. मग माझ्याकडे वळले. "फूटपट्टीसाहेब, काहीतरी मार्ग काढा." तेव्हाच मला कळले की हे नाव वरपर्यंत पोहोचले आहे.

मार्ग मी दोन दिवसांत काढला. जिन्याखाली सहा फूट बाय पाच फुटांची एक बंद खोली केली. ती फोनसाठी. ज्याला लांब बोलायचे आहे, भांडायचे आहे किंवा पलीकडच्या गावाला ऐकवायचे आहे, त्याने तिथे जावे. आणि रोज अकरा ते साडेबारा काकांनी हॉलमध्येच, आपल्या जागी बसून मोठ्याने वाचावे. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. नंतर लोक एक कान तिकडे ठेवून काम करू लागले. "काका, तो पत्ता बदललाय," "काका, ती गोळी आता पिवळी नाही, पांढरी येते," असे आवाज मधूनच येऊ लागले. जुलाबाचे नाव निघाले की अजूनही कोणीतरी बाटलीताईकडे बघतो आणि ती म्हणते, "मला नाही लागलेत, पुढे वाचा काका."

काकू परवा भेटल्या. घरी पुन्हा हूं आणि अंहं सुरू झाले आहे. "चला, सुटले एकदाची," म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी ते कायमचे घरी येणार आहेत, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

बदलीचा आदेश रद्द झाला त्या दिवशी खणातला लिफाफा मी काकांना परत दिला. त्यांनी पत्र काढले, चष्मा चढवला आणि सवयीने पुटपुटत वाचायला लागले. मध्येच अडखळले. पुन्हा वाचले.

"साहेब, यात तारीख चुकली आहे हो. वर्ष पुढचं पडलंय. या पत्राप्रमाणे मी त्या दिवसापासून वर्षभराने नोकरी सोडणार होतो."

"म्हणजे निवृत्तीच्याच दिवशी."

"हो की." ते हसायला लागले. "त्या दिवशी मनातल्या मनात वाचून दिलं होतं ना. पण तुम्ही तर उघडून पाहिलं होतंत?"

पाहिले होते. मीही मनातच वाचले होते.